स्फटिकाची संगत



साखरेच्या पाकांत लिंबाचे चार थेंब पिळले म्हणजे तो पाक पुढें साखरत नाहीं, हें आपल्याकडील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कढवलेलें तूप घाईनें गार न करतां सावकाश निवूं दिलें म्हणजे त्याला चांगला रवा येतो, हेंहि तिला ठाऊक आहे. आणि जसें विरजण तसें दही, हा तर तिचा रोजचाच अनुभव. स्वयंपाकघरांतील या तीन गोष्टी ज्यांना नीट उमगल्या आहेत त्यांना माझा आजचा विषय कठीण वाटूं नये, अशी माझी समजूत आहे. विषय आहे अॅल्युमिनाच्या कारखान्यांतील स्फटिकांचा. आणि विशेषतः, ज्या द्रावणांतून हे स्फटिक वाढतात त्या द्रावणांत मिसळलेलीं परकीं द्रव्यें स्फटिकांच्या रूपावर, आकारावर आणि वाढीच्या वेगावर कोणता परिणाम करतात, याचा.

अॅल्युमिना म्हणजे अॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांचें संयुग. दिसावयास पांढऱ्या शुभ्र बारीक वाळूसारखें. आपल्या घरांतील पातेलीं, खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या तारा, औषधांच्या गोळ्यांचीं चकचकीत वेष्टनें, विमानांचे सांगाडे, या सर्वांतील अॅल्युमिनिअम एके काळीं या पांढऱ्या भुकटीच्या रूपांत होतें. एक टन धातू मिळण्यास सुमारें दोन टन अॅल्युमिना लागतो, आणि तेवढा अॅल्युमिना काढावयास खनिजाच्या प्रतीप्रमाणें चार ते सहा टन बॉक्साइट खणावें लागतें. आज जगांत दरवर्षीं १३ कोटि टनांहून अधिक अॅल्युमिना तयार होतो, आणि त्यांतील बहुतेक सर्व एकाच पद्धतीनें तयार होतो. ती पद्धत सव्वाशें वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तिचा सारा भरंवसा स्फटिकीकरणाच्या एका अतिशय मंद क्रियेवर आहे.

बॉक्साइट हें नांव फ्रान्समधील ले बो या गांवावरून पडलें. पिएर बेर्तिए या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं तेथील तांबूस मातीचें पृथक्करण केलें होतें. आपल्याला मात्र त्यासाठीं फ्रान्सला जावयास नको. कोंकणांतील घरें ज्या जांभ्या दगडाचीं बांधलेलीं असतात त्या जांभ्याचें बॉक्साइट हें सख्खें भावंड होय. हजारों-लाखों वर्षें उष्ण आणि पावसाळी हवेंत खडक झिजत राहिले, त्यांतील विरघळणारीं द्रव्यें पाण्याबरोबर वाहून गेलीं, आणि न विरघळणारें लोह व अॅल्युमिनिअम मागें राहिलें. लोह अधिक उरलें तेथें जांभा झाला. अॅल्युमिनिअम अधिक उरलें तेथें बॉक्साइट झालें. कोल्हापूर जिल्ह्यांत राधानगरी, चंदगड या बाजूंच्या पठारांवर तें सांपडतें, आणि तेथील खनिज बेळगांवच्या कारखान्यांत गेलेलें आहे.

येथें कोणी असें विचारील कीं, खनिजांतून थेट धातूच कां काढूं नये? अॅल्युमिनाची ही मधली पायरी कशाला? त्याचें उत्तर असें. १८८६ सालीं अमेरिकेंत चार्ल्स मार्टिन हॉल यानें आणि फ्रान्समध्यें पॉल एरू यानें, एकमेकांना ठाऊक नसतांना, विजेच्या साह्यानें अॅल्युमिनिअम काढण्याची युक्ति शोधली. तीच आजहि चालते. पण वीज ही न्यायाधीशासारखी निःपक्षपाती नाहीं. भट्टींत लोखंड किंवा सिलिकॉन यांचें संयुग असेल तर वीज आधीं त्यांना मोकळें करते आणि मग अॅल्युमिनिअमकडे वळते. म्हणजे भट्टींत गेलेला बहुतेक मळ सरळ धातूंतच उतरतो, आणि एकदां उतरला कीं तो पुन्हां काढणें अतिशय दुर्घट. यासाठीं शुद्धि जी काय करावयाची ती भट्टीच्या आधींच करावी लागते.

आतां ही शुद्धि अवघड कां होती, हें पाहण्यास आपण तुरटीकडे वळूं. तुरटी हें अॅल्युमिनिअमचेंच एक लवण. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली म्हणजे थोड्या वेळानें पिंजलेल्या कापसासारखे जे पुंजके दिसूं लागतात ते अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे. हे पुंजके बुळबुळीत, फुगीर आणि पाण्यानें भरलेले असतात. म्हणूनच मातीचे कण आपल्यांत गुंतवून ते तळाशीं जातात आणि वरचें पाणी नितळ होतें. पाणी निवळणाऱ्यास हा मोठा गुण. परंतु शुद्ध अॅल्युमिना मिळवूं पाहणाऱ्यास हाच मोठा दोष. ज्या पदार्थाचा स्वभावच मळ धरून ठेवण्याचा, तो धुऊन स्वच्छ कसा व्हावयाचा? गाळावयास जावें तर गाळणी चोंदते, धुवावयास जावें तर पाणी आंत शिरत नाहीं.

ही अडचण सोडविली कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानें. त्याचा जन्म १८४७ चा, मृत्यु १९०४ चा. तो रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें काम करीत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढें धातू नव्हता, कापड होतें. सुती कापडावर रंग पक्का बसविण्यासाठीं कापडगिरण्यांना अॅल्युमिनिअमचीं लवणें हवीं असत. बायरला असें आढळून आलें कीं, अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड जर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत विरघळविलें आणि त्या द्रावणांत आधीं तयार असलेल्या हायड्रॉक्साइडचे थोडे कण टाकून तें ढवळत ठेवलें, तर लापशीऐवजीं स्वच्छ, कणीदार स्फटिक खालीं बसतात. ते सहज गाळतां येतात आणि सहज धुतां येतात. या गोष्टीचें पेटंट त्यानें १८८८ सालीं घेतलें. पुढें १८९२ सालीं बॉक्साइट कॉस्टिक सोड्यांत दाबाखालीं तापवून त्यांतील अॅल्युमिना विरघळविण्याची युक्ति त्याला जोडली. या दोन पायऱ्या मिळून बायरची पद्धत झाली.

कारखान्यांतील क्रम थोडक्यांत असा. बॉक्साइट दळून तें कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणांत शिजवावयाचें. ओडिशांतील दामनजोडी येथें पंचपटमाळी डोंगरावरचें बॉक्साइट सुमारें १०५ अंश सेंटिग्रेडवर, साध्या हवेच्या दाबाखालींच विरघळतें. दुसऱ्या कांहीं जातींच्या बॉक्साइटला २४० अंशांची किंवा त्याहूनहि अधिक उष्णता आणि मोठा दाब लागतो. अॅल्युमिना द्रावणांत उतरतो. लोहाचें ऑक्साइड उतरत नाहीं, तें तांबड्या चिखलाच्या रूपानें खालीं बसतें. नितळ द्रावण वरून काढून थोडें निववावयाचें, म्हणजे तें अतिसंपृक्त होतें. जितकें पोटांत मावावें त्याहून अधिक अॅल्युमिना त्याच्या पोटांत राहतो. मग त्यांत विरजण घालावयाचें, म्हणजे आधींच्या खेपेस तयार झालेले बारीक स्फटिक बीज म्हणून टाकावयाचे. इमारतीएवढ्या उंच टांक्यांत हें मिश्रण दीड-दोन दिवस सावकाश ढवळत राहतें, आणि त्याची उष्णता सुमारें ७५ अंशांवरून ५५ अंशांच्या आसपास उतरते. द्रावणांतील अॅल्युमिना बीजांवर थराथरानें बसत जातो. मोठे स्फटिक काढून, धुऊन, सुमारें १००० अंशांवर भाजले म्हणजे त्यांतील पाणी, वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, निघून जातें आणि अॅल्युमिना उरतो. बारीक स्फटिक पुन्हां बीज म्हणून जातात. आणि कॉस्टिक सोड्याचें उरलेलें द्रावण आटवून पुन्हां नव्या बॉक्साइटवर ओतलें जातें. हें शेवटचें वाक्य आपण ध्यानांत ठेवावें अशी माझी विनंती आहे. साऱ्या कथेची गांठ तेथें आहे.

या स्फटिकांना खनिजशास्त्रांत गिब्साइट म्हणतात; जॉर्ज गिब्स या अमेरिकन खनिजसंग्राहकाचें हें नांव. गिब्साइटची वाढ किती मंद असावी? तासाला एक-दोन मायक्रॉन, कित्येकदां त्याहूनहि कमी. म्हणजे डोक्याच्या केसाएवढी जाडी येण्यास दिवसांमागून दिवस. या मंदपणाचें कारण असें आहे कीं, द्रावणांत अॅल्युमिनिअमच्या प्रत्येक अणूभोवतीं चार हायड्रॉक्सिल असतात, तर स्फटिकांत प्रत्येकाभोवतीं सहा असावे लागतात. भिंतींत बसण्यापूर्वीं प्रत्येक विटेला आपली घडण बदलावी लागते असें समजा. म्हणूनच दोन दिवस ढवळूनहि द्रावणांतील निम्माच अॅल्युमिना बाहेर येतो. बाकीचा तसाच विरघळलेला परत फिरतो. एका लिटर द्रावणांतून ६० ते ९० ग्रॅम अॅल्युमिना मिळाला म्हणजे काम ठीक चाललें असें समजतात. हा आंकडा चार-पांच ग्रॅमांनीं घसरला तरी तेवढाच माल काढण्यास अधिक द्रावण तापवावें, निववावें आणि फिरवावें लागतें. म्हणजे अधिक कोळसा, अधिक वाफ, अधिक खर्च.

शिवाय स्फटिक नुसता निघून भागत नाहीं. तो योग्य मापाचा निघावा लागतो. धातूच्या भट्ट्यांना अॅल्युमिना रवाळ हवा असतो. तो नळांतून वाहिला पाहिजे, भट्टींत चटकन विरघळला पाहिजे, आणि भट्टींतून निघणारा फ्ल्युओरीनचा विषारी वायु त्यानें आपल्या पृष्ठभागावर शोषून घेतला पाहिजे. ४५ मायक्रॉनहून बारीक असा चुरा साधारणतः शेंकडा दहाहून कमी असावा, अशी अपेक्षा असते. पीठ झालें तर तें हवेंत उडतें, कामगारांच्या नाकातोंडांत जातें आणि वाया जातें. तुपाप्रमाणें येथेंहि सारें महत्त्व रव्याला आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. परकें द्रव्य स्फटिकाच्या वाढींत तीन प्रकारांनीं हात घालतें. एक, तें स्फटिकाच्या आंत शिरतें. दुसरा प्रकार, तें आंत न शिरतां पृष्ठभागाला चिकटून वाढ अडवितें. आणि तिसरा प्रकार, तें शेजारींच आपला स्वतःचा वेगळा स्फटिक उभारतें.

पहिल्या प्रकाराचें ठळक उदाहरण म्हणजे सोडिअम. गिब्साइटच्या सूत्रांत सोडिअम नाहीं. परंतु तो ज्या द्रावणांत वाढतो तें सोड्यानें ओतप्रोत भरलेलें असतें. वाढ घाईनें झाली कीं कांहीं सोडा जाळींत अडकतो, कांहीं द्रावणाचे थेंब स्फटिकांच्या फटींत कोंडले जातात. धुऊन बाहेरचा सोडा जातो, आंतला जात नाहीं. तयार अॅल्युमिनांत शेंकडा ०.२ ते ०.४ इतका सोडा बहुधा उरतोच. द्रावणांत सेंद्रिय मळ वाढला तर तोहि वाढतो. याच वर्गांत सिलिका येते. बॉक्साइटमध्यें चिकणमाती असेल तर तिच्यांतील सिलिका सोड्यांत विरघळते आणि मग सोडा व अॅल्युमिना यांना सोबत घेऊन एका अविद्राव्य संयुगाच्या रूपानें खालीं बसते. आपल्या न्हाणीघरांतील बंबाच्या आंत क्षाराचा थर धरतो, तसाच थर हें संयुग तापविण्याच्या नळ्यांत धरतें; आणि सिलिकेच्या वजनाच्या जवळजवळ तोडीचा महागडा कॉस्टिक सोडा कायमचा बुडतो. जी सिलिका वेळींच बसली नाहीं ती स्फटिकाबरोबर जाऊन धातूपर्यंत पोंचते.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. "ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला," ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते. परकें द्रव्य स्फटिकांत शिरत नाहीं, त्याचा रंग बदलत नाहीं, पण त्याचा स्वभाव बदलून टाकतें. साधें मीठ शुद्ध पाण्यांतून चौकोनी घनांच्या रूपानें बसतें. त्याच पाण्यांत युरिया असेल तर तेंच मीठ अष्टफलकाचें रूप घेतें. ही गोष्ट फ्रान्समधील रोमे द लील यानें १७८३ सालींच नोंदविली होती. स्वतः गिब्साइटहि सोडिअमच्या द्रावणांतून षट्कोनी चकत्यांसारखा वाढतो, तर पोटॅशिअमच्या द्रावणांतून लांबट षट्कोनी खांबांसारखा. द्रव्य तेंच, संगत बदलली कीं अंगलट बदलते.

अॅल्युमिनाच्या कारखान्यांत ही संगत मुख्यतः सेंद्रिय द्रव्यांची असते. बॉक्साइट जंगलाखालीं तयार होतें. मुळें, पानें, कुजलेली माती यांचा अंश त्यांत मुरलेला असतो. वजनानें तो शेंकडा एकाच्या काहीं दशांशांइतकाच भरतो. पण कढत कॉस्टिक सोड्यांत तो विरघळून द्रावण चहासारखें तपकिरी होतें, आणि मोठमोठ्या रेणूंचे तुकडे होऊन शेंकडों निरनिराळीं आम्लें तयार होतात. त्यांतील सर्वच उपद्रवी नसतात. फॉर्मेट, ॲसिटेट यांसारखीं लहान द्रव्यें वाढीला फारशी बाधा करीत नाहींत. परंतु ज्यांच्या अंगावर हायड्रॉक्सिलचे गट शेजारीशेजारीं असतात अशीं द्रव्यें, उदाहरणार्थ ग्लुकोनेट किंवा चिंचेच्या आंबटपणाचें टार्टरेट, फार घातक. स्फटिकाच्या पृष्ठभागावर जेथें नवी वीट बसावयाची नेमकें तेथेंच तीं जाऊन बसतात आणि जागा अडवितात. त्यांचें प्रमाण अगदीं अल्प असलें तरी पुरतें. कारण त्यांना सारा स्फटिक झांकावयाचा नसतो, फक्त वाढीच्या मोक्याच्या जागा अडवावयाच्या असतात. दारांत उभा राहिलेला एक मनुष्य साऱ्या वऱ्हाडाला थोपवूं शकतो, त्यांतलाच हा प्रकार. पाकांतील लिंबाचें कामहि या जातीचें: आंबटपणामुळें थोडी साखर फुटून तिच्यांतून ग्लुकोज व फ्रुक्टोज निर्माण होतात, आणि हीं भावंडें उरलेल्या साखरेला स्फटिक बनूं देत नाहींत.

तिसऱ्या प्रकारचा उपद्रव करणारें द्रव्य म्हणजे सोडिअम ऑक्झॅलेट. ऑक्झॅलिक आम्लाची ओळख आपल्याला अळूच्या पानांतून आहे. अळू नीट न शिजवितां खाल्लें तर घशाला खाज सुटते, कारण त्यांत कॅल्शिअम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुया असतात. बायरच्या द्रावणांतील सेंद्रिय द्रव्यें तुटत तुटत शेवटीं ज्या थोड्या संयुगांवर येऊन थांबतात त्यांत ऑक्झॅलेट हें एक प्रमुख. तीव्र सोड्यांत तें फार थोडें विरघळतें, आणि निवतांना त्याहूनहि थोडें. म्हणून तें नेमकें त्या वेळीं आणि त्याच टांक्यांत बाहेर पडतें जेथें गिब्साइटची वाढ चाललेली असते. आणि तेंहि बारीक सुयांच्या रूपानें. या सुयांवर गिब्साइटचे असंख्य नवे कण जन्म घेतात, आणि लहान कणांनीं एकमेकांस चिकटून मोठें होण्याची जी इष्ट क्रिया ती अडते. परिणाम असा कीं, जेथें थोडे आणि मोठे स्फटिक हवेत तेथें पुष्कळ आणि बारीक होतात. रव्याचें पीठ होतें. आणि आजचे बारीक कण हेंच उद्यांचें विरजण असल्यामुळें, एकदां बिघडलेली घडी कित्येक दिवस, कित्येक आठवडे बसत नाहीं.

यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. द्रावण तपकिरी करणारीं जीं मोठीं ह्यूमिक द्रव्यें, तीं ऑक्झॅलेटच्या सुयांच्या पृष्ठभागालाहि चिकटतात आणि त्यांची वाढ रोखून धरतात. म्हणजे एक मळ दुसऱ्या मळाला आवरून धरतो. अशा वेळीं एखाद्या व्यवस्थापकानें केवळ ह्यूमिक द्रव्यें काढून द्रावण स्वच्छ दिसेल असें केलें, तर आंत दबून बसलेलें ऑक्झॅलेट एकाएकीं बाहेर पडण्याचा धोका असतो. द्रावणाचा रंग उजळला म्हणजे तें सुधारलेंच असें मानणें येथें महागांत पडतें.

आतां मघाशीं सोडलेली गांठ पुन्हां हातीं घेऊं. साखरेच्या कारखान्यांतहि मळ असतो, आणि तोहि साखरेच्या स्फटिकांना अडवितो. पण साखर कारखान्याला एक मोठी सोय आहे: ज्या रसांतून आणखी साखर निघत नाहीं तो रस मळी म्हणून बाहेर काढतां येतो, आणि साऱ्या हंगामाचा मळ त्या मळीबरोबर निघून जातो. अॅल्युमिनाच्या कारखान्याला ही सोय नाहीं. त्याची मळी म्हणजेच त्याचा कॉस्टिक सोडा. आणि तो फेंकणें म्हणजे कारखाना बंद करणें. म्हणून तेंच द्रावण वर्षानुवर्षें फिरत राहतें, आणि प्रत्येक फेरींत नवें बॉक्साइट त्यांत थोडा नवा मळ ओततें. त्याच तेलांत पुनःपुन्हां तळण काढावें, तशी ही स्थिति. मळ वाढत वाढत अशा पातळीवर जातो कीं, तेथें जितका येतो तितकाच या ना त्या वाटेनें बाहेर पडतो. ती पातळी कोठें स्थिरावेल, यावर कारखान्याचें भवितव्य अवलंबून असतें.

आणि त्या बाहेर पडण्याच्या वाटा तरी किती? त्यांतील एक जुनी वाट तांबड्या चिखलाची. चिखलाला चिकटून थोडें द्रावण जातें आणि त्याबरोबर थोडा मळहि जातो. चिखल अधिक नीट धुतला तर सोडा वांचतो, भूमीला आणि पाण्याला होणारा उपसर्ग घटतो. पण मळाची तीच वाट बुजते आणि तो आंत साठूं लागतो. म्हणजे काटकसर आणि सावधगिरी यांचीच किंमत स्फटिकांना मोजावी लागते. उलट चिखल तसाच सोड्यासह टाकला तर काय होऊं शकतें, हें हंगेरींतील आयका येथें ४ ऑक्टोबर २०१० रोजीं दिसलें. चिखलाच्या तळ्याचा बांध फुटून सोडामिश्रित लाल लोंढा खालच्या गांवांत शिरला आणि दहा माणसें प्राणांस मुकलीं. एक टन अॅल्युमिनामागें साधारणपणें एक ते दीड टन असा चिखल निघतो. तेव्हां मळ चिखलाबरोबर वाहून जाऊं द्यावा, हा सोपा उपाय आतां कोणालाहि परवडणारा नाहीं. मळ द्रावणांतून वेगळा, जाणूनबुजून काढला पाहिजे.

त्यासाठीं अनेक युक्त्या चालूं आहेत. बीज म्हणून वापरावयाचे बारीक स्फटिक गरम पाण्यानें धुतात, म्हणजे त्यांवरील ऑक्झॅलेट विरघळून जातें. कांहीं द्रावण बाजूला काढून, अधिक आटवून, त्यांतून ऑक्झॅलेट मुद्दाम बसवितात. सेंद्रिय द्रव्यांपासून बनलेल्या सोडिअम कार्बोनेटला चुना घालून त्याचा पुन्हां कॉस्टिक सोडा करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील डार्लिंग टेंकड्यांवरचें बॉक्साइट जारा वृक्षांच्या जंगलाखालीं सांपडतें, आणि त्यांत सेंद्रिय अंश विशेष असतो. त्यामुळें तिकडे द्रावणाचा कांहीं भाग आटवून चक्क भट्टींत जाळून काढण्याची, आणि ऑक्झॅलेट जीवाणूंकडून खाववून नाहींसें करण्याची अशा दोन्ही रीती प्रचारांत आल्या. पूर्वीं तांबडा चिखल लौकर बसावा म्हणून पिष्ट, म्हणजे आपली खळ, घालीत असत; तेणेंकरून सेंद्रिय मळांत स्वतःच्या हातानेंच भर पडत होती. ती जागा आतां कृत्रिम द्रव्यांनीं बहुतांशीं घेतली आहे.

परंतु परकें द्रव्य म्हणजे शत्रूच, असाहि निष्कर्ष काढूं नये. गेल्या कांहीं दशकांत कित्येक कारखाने द्रावणांत तेलकट स्वरूपाचीं कांहीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत मुद्दाम घालूं लागले आहेत. त्यांच्यामुळें बारीक कण एकमेकांस चांगले चिकटतात आणि रवा सुधारतो. शिवाय द्रावणांत साठणाऱ्या कांहीं वस्तु मोलाच्या असतात. भारतांतील कारखान्यांतून व्हॅनेडिअमचा गाळ निघतो, आणि तो पोलादाच्या कामीं येतो. गॅलिअम ही धातू मेंडेलेव्ह यानें १८७१ सालीं नुसत्या तर्कानें भाकीत केली, आणि १८७५ सालीं लकॉक द ब्वाबोद्राँ यानें प्रत्यक्ष शोधून काढली. आज जगांतील बहुतेक गॅलिअम बायरच्या याच फिरत्या द्रावणांतून मिळतें आणि तें विजेच्या नव्या दिव्यांत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत वापरतात. १ ऑगस्ट २०२३ पासून चीननें त्याच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला, तेव्हां कित्येक देशांना आपापल्या कारखान्यांतील या द्रावणाची नव्यानें आठवण झाली. एकाचा मळ तें दुसऱ्याचें द्रव्य होतें, तें असें.

आपल्या दृष्टीनें या सर्वांचा इत्यर्थ काय? बॉक्साइटच्या बाबतींत भारत दरिद्री नाहीं. परंतु प्रत्येक डोंगराचें बॉक्साइट निराळें, त्यांतील मळ निराळा, आणि म्हणून त्यापासून बनणाऱ्या द्रावणाचा स्वभावहि निराळा. ऑस्ट्रेलियांत गुणकारी ठरलेला उपाय ओडिशांत किंवा सह्याद्रीवर जसाच्या तसा लागू पडेलच असें नाहीं. यंत्रें विकत घेतां येतात. आपल्या मातींतील मळाचें ज्ञान विकत मिळत नाहीं, तें येथेंच मिळवावें लागतें. नागपुरास १९८९ सालीं स्थापन झालेली जवाहरलाल नेहरूंच्या नांवाची अॅल्युमिनिअम संशोधनसंस्था याच क्षेत्रांत काम करते, ही महाराष्ट्राला समाधानाची गोष्ट होय. तरुण रसायनशास्त्रज्ञांनीं हें क्षेत्र रुक्ष समजून टाळूं नये. ज्या प्रश्नांत स्फटिकाच्या पृष्ठभागावरील अणूंची रचना, जंगलाच्या मातीचा इतिहास आणि धरणाच्या बांधाखालीं राहणाऱ्या माणसांची सुरक्षितता हीं तिन्ही एकत्र येतात, तो प्रश्न रुक्ष कसा म्हणावा?

आणि गृहस्थाश्रमी श्रोत्यांनाहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोंचे आलेलें पातेलें किंवा तुटलेली चौकट भंगारवाल्याकडे गेली म्हणजे ती वितळवून पुन्हां धातू करण्यास, नव्या धातूला लागणाऱ्या शक्तीच्या शेंकडा पांच इतकीच शक्ति पुरते. त्या धातूनें डोंगर खणण्यापासून चिखल सांठविण्यापर्यंतचा सारा प्रवास एकदां केलेला आहे. तो त्याला दुसऱ्यांदा करावा लागत नाहीं. भंगार राखून ठेवून योग्य ठिकाणीं देणें ही क्षुल्लक काटकसर नव्हे. तेवढ्या वजनापुरतें तरी कोठल्यातरी डोंगरावरचें जंगल उभें राहतें, आणि कोठल्यातरी टांकींत दोन दिवस ढवळत बसण्याचें काम वांचतें.